तीन कामं, एक मिस्त्री आणि ७२,००० रुपये

वाचकाचं पत्र: आमचा फ्लॅट कोथरूडमध्ये, १९९४ सालच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन महिन्यांपासून खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला ओल येते आहे, पोपडे पडायला लागलेत. त्यातच गिझर लावला की दहा-पंधरा मिनिटांत एमसीबी पडतो. ओळखीतून एक जण बघून गेला. ‘बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, गिझरची नवी लाईन आणि खालच्यांचं छत, सगळं धरून ७२,००० होतील, निम्मे आधी द्या,’ म्हणाला. कागद मागितला तर मोबाईलवर एक सर्टिफिकेट दाखवलं, ‘सरकारी लायसन्स आहे’ म्हणे. पुण्यात अशा लोकांना लायसन्स लागतं का? ते खरं कसं ओळखायचं? आणि हा आकडा बरोबर आहे का?
– एक वाचक, कोथरूड

नमस्कार.

आधी गिझरचा एमसीबी खाली करून ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. पडणारा एमसीबी सारखा वर करत राहिलं की जिथे कुठे वायर तापते आहे ती जागा आणखी जळते.

आता लायसन्स. घरातली किरकोळ दुरुस्ती करणाऱ्या माणसासाठी एकच एक परवाना पुण्यात काय, महाराष्ट्रातच नाही. परवाना लागतो तो कामाला. गवंडी, टाइल्सवाला, रंगारी, सुतार, वॉटरप्रूफिंगवाला यांना कुठलाही परवाना लागत नाही, त्यामुळे त्यांनी दाखवलेल्या कुठल्याही ‘सरकारी’ कागदावरून त्यांचं काम कसं आहे ते कळत नाही. वीज, महापालिकेच्या नळाला किंवा ड्रेनेजला जोडणी, पाईप गॅस, पेस्ट कंट्रोल, लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणा यांचं मात्र तसं नाही. यातली शेवटची दोन सोसायटीच्या गळ्यात असतात, तुमच्या नाही.

विजेचं नीट समजून घ्या, कारण तुमच्या तीन कामांपैकी परवान्याचा प्रश्न खरा इथेच येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात की घरातल्या वायरिंगमध्ये भर घालणं, बदल करणं, दुरुस्ती करणं ही कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराने, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीच्या, म्हणजे वायरमनच्या हातून करायची. सूट आहे ती बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणं बदलण्याला, तीही मूळ वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. म्हणजे गिझरचा जळका सॉकेट कुणी बदलला तर नियम आडवा येत नाही. डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या पेटीपासून, बाथरूमपर्यंत नवी लाईन ओढायची म्हटलं की येतो. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यायचा झाला तर अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. तिथे ओळखीचा माणूस चालत नाही.

हे परवाने राज्याच्या विद्युत निरीक्षण विभागाशी संलग्न अनुज्ञापक मंडळ देतं. खरा वायरमन असेल तर त्याच्याकडे स्वतःच्या नावाचा, क्रमांक आणि मुदत छापलेला परवाना असतो. तपासताना तीन गोष्टी बघायच्या: परवान्यावरचं नाव आणि समोर उभ्या माणसाचं आधारवरचं नाव एकच आहे का, मुदत संपलेली नाही ना, आणि परवाना वायरमनचा आहे, पर्यवेक्षकाचा आहे की ठेकेदाराचा. नेहमी दिसणारा प्रकार असा की परवाना मालकाच्या नावाचा असतो आणि कामाला येतो दोन महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा. नियमात देखरेख लिहिली आहे, तेव्हा ‘डीबी उघडाल तेव्हा परवानावाला स्वतः हजर हवा’ असं आधीच सांगून टाका. शंका वाटली तर क्रमांक घेऊन पुण्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारता येतं.

तुम्हाला मोबाईलवर दाखवलेलं सर्टिफिकेट बहुधा शॉप ॲक्टचं किंवा उद्यम नोंदणीचं असावं. बहुतेक वेळा ‘सरकारी लायसन्स’ म्हणून हेच दाखवतात. शॉप ॲक्ट म्हणजे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. छोट्या धंद्याने तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि पावती मिळते. उद्यम ही उद्योग म्हणून स्वतःच भरलेली माहिती. दोन्हींवर राजमुद्रा असते म्हणून माणूस दबतो, पण तुमचा माणूस फरशीखालचा सिमेंटचा कोबा उतारात घालू शकतो की नाही हे दोन्हींत कुणी तपासलेलं नसतं. आयटीआयचं प्रमाणपत्र यापेक्षा जास्त किमतीचं आहे. इलेक्ट्रिशियन आणि वायरमनचा कोर्स दोन वर्षांचा, प्लंबरचा एक वर्षाचा. मात्र तो शिक्षणाचा पुरावा झाला, परवाना नव्हे.

प्लंबरबद्दल थोडक्यात. पुणे महापालिका नळ कारागिरांना परवाना देते आणि पालिकेच्या लाईनवरून नवं कनेक्शन घ्यायचं किंवा ड्रेनेज जोडायचं असेल तर अर्ज अशाच परवानाधारकामार्फत जातो. तुमच्या बाथरूममधली नाहणी, नळ, फ्लश याला त्याची गरज नाही. डक्टमधल्या, म्हणजे इमारतीच्या सामायिक पोकळीतल्या, उभ्या पाईपला हात लावायचा असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पाईप गॅस असेल तर त्याची लाईन सरकवायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं. प्लंबरने ‘मी करतो’ म्हटलं तरी नाही.

आता ७२,००० बद्दल. आकडा जास्त की कमी हे सांगताच येत नाही, कारण तो कशाचा आहे हेच त्यात नाही. गळती कुठून आहे ते शोधलं का? त्याने बघितलं, मान हलवली आणि ‘वॉटरप्रूफिंग गेलंय’ म्हणाला, असंच ना? तीस वर्षांच्या बाथरूममध्ये पाणी खाली जायला किमान चार वाटा असतात, आणि चारांपैकी एकीचाच इलाज सगळी फरशी फोडणं हा आहे. शोध तुम्ही स्वतःच थोडे दिवस देऊन घेऊ शकता. खर्च शून्य, फक्त खालच्यांनी छताकडे बघत राहायला हवं. सोसायटीच्या सेक्रेटरींना एकदा तरी बोलवा, कारण पैसे कुणी द्यायचे हेही यातूनच ठरणार आहे.

पहिल्या रात्री बाथरूम वापरू नका, पण पाण्याचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. खाली थेंब पडत असतील तर मिनिटाला किती पडतात ते खालच्यांनी झोपताना आणि सकाळी मोजून लिहून ठेवायचं. दुसऱ्या रात्री तेच, पण फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करून. पहिल्या रात्री थेंब सारखेच आणि दुसऱ्या रात्री कमी झाले, तर गळती भिंतीतल्या पाण्याच्या पाईपला आहे. १९९४ सालच्या इमारतीत तो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, असण्याची शक्यता मोठी, आणि जीआय गंजतो तो बहुतेक कोपऱ्यातल्या एल्बोपाशी किंवा आट्यांपाशी. खात्रीसाठी प्लंबर टेस्ट पंप लावून चार-पाच किलो दाब देतो. अर्ध्या तासात काटा खाली आला की पाईप गेला.

थेंब फक्त वापरानंतर येत असतील तर पाईप सोडून द्या, निचऱ्याकडे वळा. फरशी कोरडी ठेवून नाहणीच्या जाळीतून नरसाळ्याने चार-पाच बादल्या पाणी थेट आत सोडा आणि दोन-तीन तास थांबा. खाली आलं तर दोष नाहणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या भांड्याचा, किंवा त्याच्या आडव्या पाईपचा. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी नाहणीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबा, फरशीवर इंच-दीड इंच पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि चोवीस तास सोडून द्या. उंबरा पाण्यापेक्षा उंच आहे ना ते आधी बघा, नाहीतर पाणी बेडरूममध्ये. ही चाचणी फसली तरच ‘वॉटरप्रूफिंग गेलंय’ म्हणता येईल. कमोडसाठी फ्लशच्या टाकीत खायचा लाल रंग टाका, चार-पाच वेळा फ्लश करा. खालच्या डागाला रंग आला की दोष कमोड आणि सॉईल पाईप (मैला वाहून नेणारा पाईप) यांच्या सांध्याचा.

दोन चाचण्यांमध्ये छत जरा कोरडं पडू द्या. स्लॅबमध्ये आणि कोब्यात मुरलेलं पाणी नळ बंद केल्यावरही दोन-दोन दिवस टपकत राहतं, आणि घाईत चाचण्या एकावर एक केल्या की पाईपची गळती फरशीच्या माथी जाते. शोध चुकतो तो बहुतेक इथेच.

आता दर. खाली दिलेले आकडे सध्याच्या पुण्यातल्या चालू दरांचे अंदाज आहेत. पेठा, कोथरूड, सिंहगड रोड इथे खालच्या टोकाला, बाणेर–बालेवाडीकडे वरच्या टोकाला धरा. ॲपवरून बोलावलेल्या माणसाचा दर ठरलेला आणि थोडा चढा असतो, पण छोट्या कामाला तो बरा पडतो, कारण तक्रार करायला कुणीतरी असतं. मोठ्या फोडफोडीला ॲपचा उपयोग नाही.

गवंड्याची हजेरी १,००० ते १,३००, बिगाऱ्याची ६०० ते ८००. प्लंबर नुसता बघायला आला तर २०० ते ४००, काम दिलं तर तेवढे वजा करतो. नळ किंवा अँगल कॉक बदलायची मजुरी १५० ते ३००, फ्लशच्या टाकीची दुरुस्ती २५० ते ५०० अधिक पार्ट. फक्त नाहणी ट्रॅप आणि त्याभोवतीच्या चार-सहा टाइल्स काढून नवं बसवणं, सगळं धरून ४,००० ते ७,०००. कमोड उचलून सांधा नव्याने करणं १,५०० ते २,५००. भिंतीतला जीआय सोडून बाथरूमपुरता नवा सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप, टाकायचा तर १२,००० ते २०,०००, यात टाइल्स फुटतात त्यांचा खर्च वेगळा. वर सांगितलेल्या चाचण्यांमधून यातलं एखादंच काम निघालं, तर ७२,००० ची गोष्ट तिथेच संपली.

साठवलेल्या पाण्याची चाचणी फसलीच तर फरशी फोडावी लागेल. तुमचं बाथरूम सात बाय पाच धरून हिशोब मांडतो. जमीन ३५ चौरस फूट, आणि भिंतींना चारही बाजूंनी फूटभर वर चढवायचं म्हणून आणखी २४. साठ चौरस फूट वॉटरप्रूफिंग. फोडायला दोन दिवस, एक कारागीर आणि दोन बिगारी, साधारण ५,०००. चार इंच कोबा निघाला तर राडारोड्याच्या पंचवीस-तीस गोणी होतात. लिफ्टने किंवा जिन्याने उतरवायला गोणीमागे ३०-५० आणि टेंपोचे १,५०० ते २,५००. नवी नाहणी आणि पाईप ३,००० ते ५,०००. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट कोटिंगचे दोन हात, एवढ्याला सुमारे दहा किलो माल लागतो, मजुरीसह ४,००० ते ६,०००. कोबा आणि उतार ३,०००. घसरू नये अशा टाइल्स ५० ते ७० रुपये फुटाने ३,००० ते ४,०००, चिकटवायला २० किलोच्या दोन बॅगा, लावणावळ ४,०००, टाइल्सच्या फटी भरायचं इपॉक्सी ग्राउट हजारभर, कमोड परत बसवायचे २,०००. बेरीज ३०,००० ते ४०,००० च्या आत येते. छताच्या उंचीपर्यंत भिंतीही बदलायच्या असतील तर ती दुरुस्ती राहत नाही, नूतनीकरण होतं, आणि लाखाच्या पुढे जातं.

‘फोडायला नको, वरून केमिकल मारतो’ असंही कुणी सांगेल. फरशीच्या सांध्यांतून पाणी जात असेल आणि बाकी सगळं धड असेल तर जुनं ग्राउट खरवडून इपॉक्सी भरणं खरंच चालतं, ३,००० ते ५,००० मध्ये. पण खालून छताला भोकं पाडून इंजेक्शन द्यायचा सल्ला आला तर नको म्हणा. त्याने वरचं पाणी थांबत नाही, फक्त खाली दिसायचं थांबतं. मग ते स्लॅबमध्ये दुसरी वाट शोधतं आणि सळ्या गंजवतं. वर्षभराने डाग हॉलच्या बाजूला दिसायला लागतो.

कामात नेमकं काय बिघडतं ते माहीत असेल तर तुम्हाला योग्य वेळी बघता येईल. वॉटरप्रूफिंग फसतं ते मधोमध नाही, पाईप जिथे स्लॅबमधून जातो तिथे आणि भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात. पाईपभोवती गोल खाच पाडून न आकसणाऱ्या ग्राउटने भरली पाहिजे, कोपऱ्यात मसाल्याचा तिरका गोलवा दिला पाहिजे, आणि मगच कोटिंग. पहिला हात सुकायच्या आत दुसरा मारला की पापुद्रा निघतो. दुसरा हात पूर्ण वाळला की टाइल्स लावायच्या आधी ४८ तास पाणी साठवून ठेवायचं. ही अट कागदावर लिहून घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलं की टाइल्स लागतात आणि मग काहीच बघता येत नाही. उतार पाच फुटांना पाऊण ते एक इंच, बादली ओतून बघा. कोपऱ्यात पाणी थांबलं तर टाइलखालचा मसाला ओला असतानाच ती उचलायला सांगा.

पाईपचं काम निघालं तर पाईपवरचं छापील वाचा. गरम पाण्याला सीपीव्हीसीच, त्यावर आयएस १५७७८ छापलेलं असतं. पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याने वाकतो, पण स्वस्त पडतो म्हणून भिंतीत गेला की कुणाला कळत नाही. जुना जीआय आणि नवा सीपीव्हीसी जोडताना पितळी आटे असलेला जोड हवा. प्लास्टिकच्या आट्यांचा वापरून पान्याने जोर लावला की त्याला बारीक तडा जातो आणि सहा महिन्यांनी पुन्हा ओल. भिंत बुजवायच्या आधी सगळ्या पाईपचे फोटो घ्या, शेजारी टेप धरून.

गिझरकडे येऊ. तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगी शब्द ‘दहा-पंधरा मिनिटांत’ हा आहे. कॉईल शॉर्ट झाली असती तर एमसीबी चालू करताक्षणी पडला असता. कॉईलचं आवरण फुटून वीज पाण्यात उतरत असती तर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पडणारा स्विच, पडला असता, अर्थात तुमच्या डीबीत तो असेल तर, आणि जुन्या डीबीत बहुतेक नसतो. थोडा वेळ चालून पडतो म्हणजे कुठेतरी उष्णता साठते आहे. साधारण स्टोरेज गिझर २ किलोवॅटचा, म्हणजे ८.७ अँपिअर घेतो, १६ अँपिअरच्या एमसीबीला ते काहीच नाही. म्हणून आधी सॉकेट बघायला सांगा. प्लगच्या पिना तपकिरी झाल्यात का, सॉकेटच्या मागचं टर्मिनल सैल होऊन वायरचं आवरण वितळलंय का. मग डीबीत एमसीबीखालचा स्क्रू. दोन्ही ठीक असतील तर एमसीबीच म्हातारा झालाय. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर असेल तर तो १३ अँपिअर घेतो, आणि त्यावर जुना १० चा एमसीबी असेल तर तो पडतो ते बरोबरच करतो. अशा वेळी ‘मोठा एमसीबी टाकू’ म्हणणाऱ्याने आधी वायर किती चौरस मिलिमीटरची आहे ते बघितलं पाहिजे. १.५ च्या वायरवर १६ चा एमसीबी टाकला की वायर वाचवायला कुणी उरत नाही.

१६ अँपिअरचा सॉकेट २०० ते ३५०, एमसीबी १५० ते ३००, मजुरी ३०० ते ५००. बहुधा हजाराच्या आत हे प्रकरण मिटेल. कॉईल तपासून घ्या: प्लग काढून मल्टिमीटर लावला तर २ किलोवॅटची कॉईल सुमारे २६ ओहम दाखवते, आणि कॉईल ते बॉडी काहीच दाखवायला नको. कॉईल गेलीच असेल तर ५०० ते १,००० ची वस्तू आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर कॉईल बरीच टिकते, सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर क्षार चढून लवकर जाते. नवी लाईन खरंच लागली, तर पाईप मोकळा असेल असं धरून २.५ ची तांब्याची वायर, फेज, न्यूट्रल आणि अर्थ मिळून चाळीस-पंचेचाळीस मीटर, म्हणजे अर्धं बंडल. मजुरी आणि एमसीबीसह ३,५०० ते ५,०००. ४ ची वायर लागते म्हणणाऱ्याला ती एसीसाठी ठेवायला सांगा.

एवढं करताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, १,५०० ते २,८०० ला येतो. बसवल्यावर सारखा पडायला लागला तर तो ‘खराब’ म्हणून काढू देऊ नका. घरात कुठेतरी गळती आहे किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र झालेत, ते शोधायला लावा. तीस वर्षांच्या इमारतीत अर्थिंगही मोजून घ्या, फेज ते अर्थ साधारण २३० आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट. ते बिघडलेलं निघालं तर सोसायटीला लेखी कळवा.

पैसे कुणी द्यायचे? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, सामायिक पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाईप आणि त्यांच्यामुळे होणारी गळती, फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची वीज हे सगळं सोसायटीच्या खर्चात येतं. फ्लॅटच्या आतलं तुमच्या. म्हणजे तुमची नाहणी किंवा फरशी गळत असेल तर खर्च तुमचा, खालच्यांच्या छताच्या दुरुस्तीसह. पण डक्टमधला उभा पाईप निघाला तर दोन्ही सोसायटीने करायचं. हा निकाल लागण्याआधी अर्धे पैसे देऊन बसलात तर परत कोण देणार?

त्या माणसाला सांगा की प्लंबिंग-वॉटरप्रूफिंग आणि वीज वेगळी करा. वीज परवानाधारकाला. राहिलेल्या कामाचं कोटेशन कामवार हवं: काय फोडणार, किती चौरस फूट, कुठलं मटेरियल आणि किती किलो, राडारोडा कुणाचा, किती दिवस. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं तरी चालतं, आकडे हवेत. टाइल्स, नाहणी, कोटिंग तुम्ही दुकानातून स्वतः आणा, बिल तुमच्या नावाने, म्हणजे ॲडव्हान्सचा प्रश्नच छोटा होतो. मजुरीतले ३० टक्के सुरुवातीला, ४० टक्के पाण्याची ४८ तासांची चाचणी पास झाल्यावर, २० टक्के टाइल्स झाल्यावर आणि शेवटचे १० टक्के आठवडाभर वापरून खालून कोरडं राहिल्यावर. चांगला कारागीर याला कुरकुरेल, पण तयार होईल. जो ‘असं कुणी करत नाही’ म्हणून उठतो त्याला जाऊ द्या.

बिलात १८ टक्के जीएसटी लावला तर जीएसटी क्रमांक मागा. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. वर्षाला २० लाखांच्या आत धंदा असलेल्याला नोंदणीची गरज नसते, आणि नोंदणी नसेल तर कर लावताच येत नाही. ‘बिल हवं असेल तर १८ टक्के जादा’ ही दमबाजी बऱ्याच ठिकाणी नोंदणी नसलेलेच करतात.

पैसे घेऊन काम अर्धवट टाकलं तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तिथे कामवार कोटेशन, यूपीआयच्या नोंदी आणि फोटो चालतात. रोखीने दिलेले पैसे सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून रोख देऊ नका.

खालच्यांच्या छताचं सगळ्यात शेवटी. वरचं काम झाल्यावर स्लॅब वाळायला किमान तीन-चार आठवडे द्या, पावसाळ्यात जास्त. पोपडे खरवडल्यावर आत सळई दिसली तर नुसता गिलावा मारून झाकायचं नाही. सैल काँक्रीट ठोकून काढायचं, सळई तारेच्या ब्रशने साफ करायची, गंजरोधक हात द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरने भरायचं. एका बाथरूमपुरतं हे ६,००० ते १२,००० मध्ये होतं. सळई निम्मी खाल्लेली दिसली तर तिथे मिस्त्री नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सळई दिसलीच नाही तर पुट्टी, प्रायमर आणि दोन हात रंग, २,००० ते ३,०००. खालच्यांना घाई असेल, पण ओल्या छतावर लावलेली पुट्टी दिवाळीपर्यंत पुन्हा गळून पडते, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.